नववीतली लेक मावशीशीच बोलते, काय करू?

प्रश्न: दिवाळीपासून लेक गप्प गप्प आहे. विचारलं की "काही नाही" म्हणते आणि कानात हेडफोन. माझ्या धाकट्या बहिणीशी मात्र फोनवर तासभर! खरं सांगू, लागतं मनाला. बहिणीला खोदून विचारू का?

उत्तर: मुळीच नको, तोही दरवाजा बंद होईल. बहिणीला एवढंच सांगा, जिवावर बेतणारं काही असेल तर लपवू नकोस. लैंगिक छळाचं असेल तर पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. त्यामुळे "कुणालाही सांगणार नाही" अशी शपथ मावशीनेही घेऊ नये.

उत्तर: मी शाळेत शिकवते. समुपदेशकांच्या खोलीत पोरं जात नाहीत, सगळ्यांना दिसतं ना! पीटीच्या सरांशी मात्र मैदानावरचं सामान आवरता आवरता बोलतात. कुणाशी बोलायचं ते तिलाच ठरवू दे. ओळखीचं कुणीच नको असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन चाइल्डलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ आहेत. दोन्ही फुकट, चोवीस तास. टेलिमानसवर मराठीतही बोलता येतं.

प्रश्नकर्ती: बहिणीशी बोलले. म्हणाली, "ताई, काळजीचं नाहीये. बाकी तीच सांगेल तेव्हा." बरंही वाटलं, रागही आला. दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवलेत.