मदत हवी आहे: डेस्कटॉपला केबलने नेट येईना, बाकी सगळ्यांना येतंय

परवा रात्री सेलूत विजा कडाडल्या, लाइट दोन-तीनदा गेली-आली. तेव्हापासून घरच्या डेस्कटॉपला (विंडोज १०) नेट नाही. त्याच राउटरवर मोबाइल, टीव्ही व्यवस्थित चालू आहेत, म्हणजे फायबरवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही.

आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतो, म्हणजे राउटरकडून पत्ताच मिळत नाही. हाताने १९२.१६८.१.५० टाकून राउटरला पिंग केलं (तो उत्तर देतो का ते पाहिलं), तर ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’, म्हणजे तिथवर पोहोचताच येत नाही. राउटर बंद-चालू केला, त्याचा पोर्ट बदलला, ड्रायव्हर काढून परत टाकला, नेटवर्क रीसेटही झालं. तीच केबल भावाच्या लॅपटॉपला लावली की नेट धो-धो. गंमत म्हणजे मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग केलं (मोबाइलचं नेट दिलं) तर याच डेस्कटॉपवर नेट येतं! लॅन पोर्टचे (डेस्कटॉपला नेटची केबल लावतो तिथले) दिवे मात्र लुकलुकतात, तिथंच माझं डोकं चालेना.

वायफाय कार्ड नाही, वॉरंटी कधीच संपली. दुरुस्तीला परभणीला न्यायचं तर अख्खा दिवस जातो.

दिवे लागत असूनही मदरबोर्डवरची लॅन चिप जळालेली असू शकते का? यूएसबी-लॅन अडॅप्टर लावून भागेल, की आधी आणखी काही तपासू?