पोपटाचं आजारपण आणि डॉक्टरांची शोधाशोध: तुमचे अनुभव लिहा

आमचा राघू मध्यंतरी मलूल झाला होता. दिवसाढवळ्या पिसं फुलवून बसायचा, शिट्टीला साद देत नव्हता. फोन करावा तिथे एकच उत्तर, "आम्ही कुत्री-मांजरीच बघतो." अखेर पक्षी बघणारे डॉक्टर मिळाले, औषध सुरू झालं आणि आता तो खायला लागलाय. या धावपळीत जाणवलं की पोपट पुष्कळ घरांत असतात, पण त्याचं दुखणं कसं ओळखायचं आणि डॉक्टरांना काय सांगायचं हे एका जागी वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. तुम्हाला काय दिसलं, तपासणीत काय निघालं, ते लिहा. पक्षी वाचला नसेल तरी लिहा. औषधांची मात्रा मात्र कृपया लिहू नका, ती प्रत्येक पक्ष्याच्या वजनावर ठरते.

*

सगळ्यात आधी एक ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. माझं यावर फार ठाम मत आहे.

आमचा मिठू बोलत होता, वाटीवर बसून बिया सोलत होता, खाली टरफलंही पडत होती. डॉक्टरांनी त्याला टॉवेलात धरलं, छातीवरची पिसं बाजूला केली आणि माझं बोट तिथे फिरवलं. मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं, दोन्ही बाजूंचं मांस पार झडलेलं. तो बिया सोलत होता, पण गिळत नव्हता. रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, त्यामुळे अंगात त्राण असेपर्यंत पोपट दुखणं दाखवत नाही. जे लपवता येत नाही ते वजन. सकाळची पहिली शी झाली की खाण्याआधी काट्यावर घ्यायचं आणि लिहून ठेवायचं. 120 ग्रॅमच्या पोपटाचं वजन 12 ग्रॅमने उतरलं तर दहा टक्के शरीर गेलं. तेवढी वाट बघूच नका, घसरण दिसली की फोन करा.

*

वजनाच्या जोडीला शी बघा. पिंजऱ्याच्या तळाला साधा पांढरा कागद घालते, म्हणजे नीट दिसते. तिच्यात तीन गोष्टी असतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि भोवतीचं पाणी. रसाळ फळ खाल्ल्यावर पाणी वाढतं, त्यात काळजीचं काही नाही. पण आमच्याकडे पांढरा भाग पिवळा-हिरवा दिसायला लागला. कागद तसाच घडी करून डॉक्टरांकडे नेला, रक्त तपासलं आणि यकृताचा त्रास निघाला. चोचही भराभर वाढत होती, तीही त्यातलीच खूण असू शकते असं तिथे कळलं. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पोपट वर्षानुवर्षं जगतो, पण त्यात चरबी जास्त आणि अ जीवनसत्त्व, कॅल्शियम अगदी कमी. पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणारं दाणेदार खाद्य) आणि हिरव्या भाज्यांवर यायला आमच्या बाईसाहेबांना कित्येक आठवडे लागले. एकदम बिया बंद केल्या तर काही पक्षी उपाशी राहतात, म्हणून रोज वजन बघतच बदल करा.

*

वाचला नसेल तरी लिहा म्हणालात, म्हणून लिहितोय. आमची कॉकाटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) नॉनस्टिक भांड्याच्या वाफेने गेली. भांडं गॅसवर कोरडं तापलं, पिंजरा शेजारच्या खोलीत होता. तिने तोंड उघडून दोन-तीन श्वास घेतले आणि खाली पडली. डॉक्टरांपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. शवविच्छेदनात फुप्फुसांत रक्त उतरलेलं दिसलं. हे लेपन फार तापलं की निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही आणि पक्षी मिनिटांत जातो. घरात पक्षी असेल तर ती भांडी काढून टाका, एवढी कळकळीची विनंती.

*

पिसं उपटण्याबद्दल. आमचा कंटाळून उपटतो असंच सगळे सांगत होते. डॉक्टरांनी आधी डोकं बघितलं. स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोचत नाही, त्यामुळे तिथली पिसंही झडत असतील तर कारण वेगळं शोधावं लागतं. मग एका विषाणूसाठी रक्ताची चाचणी करावी लागते, कारण तो दुसऱ्या पोपटांना लागतो. आमच्याकडे डोकं शाबूत होतं, एक्स-रेत मात्र पोटात धातूचा कण दिसला. पिंजऱ्याच्या जस्त चढवलेल्या तारा तो कुरतडत होता. पिंजरा बदलला, शरीरातला धातू काढणारी इंजेक्शनं झाली, आता पाठीवर नवी पिसं आलीत.

*

मादी एकटी असली तरी अंडं घालते, हे माहीत असू द्या. आमची पिंजऱ्याच्या तळाशी पाय फाकवून बसली होती आणि कुंथत होती. अंडं अडकलं होतं. घरी पोट दाबायचं नाही, आत फुटलं तर जिवावर बेतू शकतं. पक्षी उबेत ठेवून सरळ डॉक्टर गाठायचा. कॅल्शियमचं इंजेक्शन आणि ऊब मिळाल्यावर अंडं बाहेर आलं.

*

थोडं माणसांबद्दलही. माझ्या आईला ताप, कोरडा खोकला आणि भयंकर डोकेदुखी होती, नेहमीच्या औषधांना दाद मिळेना. "घरात पक्षी आहे का?" हा प्रश्न एका डॉक्टरांनी विचारला आणि दिशा सापडली. सिटॅकोसिस हा जिवाणूचा आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासावाटे माणसाला होतो आणि पोपट वरून ठणठणीत दिसला तरी तो पसरवू शकतो. आईला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं, ती बरी झाली. पोपटाचा उपचार लांबला, साधारण 45 दिवसांचा असतो. पोपट देऊन टाका असं नातेवाईक म्हणत होते, आईनेच नाही म्हटलं. आता पिंजरा आधी ओला करून, मास्क लावून पुसतो.

*

मी पशुवैद्य आहे, पक्षी बघते. वरचं सगळं वाचून फार बरं वाटलं. थोडी भर घालते.

फोनवर "पक्षी बघता का?" एवढंच विचारू नका. गॅसची भूल देता का, पक्ष्यांचा एक्स-रे काढता का, हेही विचारा. हा फोन पोपट धडधाकट असतानाच करून ठेवा. बसल्या जागी श्वासागणिक शेपटी खालीवर होत असेल किंवा तोंड उघडून श्वास चालला असेल तर सकाळची वाट बघू नका. नेताना छोटा पिंजरा, वरून कापड, आत ऊब. हातात धरावं लागलं तर छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, नसतं, छाती हलली नाही तर श्वासच थांबतो. घरी केलेला व्हिडिओ आणा, कारण माझ्या टेबलावर बहुतेक पोपट एकदम सावध होऊन बसतात.

आणि पाण्यातून अँटिबायोटिक देऊ नका. चव बदलली की आजारी पक्षी पाणीच कमी पितो आणि पोटात किती गेलं ते कुणालाच कळत नाही. चोचीच्या कडेने सिरिंजने थेंबथेंब कसं द्यायचं ते डॉक्टरांकडून समोर करवून घ्या, आणि एकदा त्यांच्या देखत स्वतः देऊन बघा.