दिवा घेतलेली बाई म्हणजे कॅलेंडर?

रंगपेटी: म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात चित्रकार सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ (आशेचा उजेड), ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र, पाहून कुणीतरी काल लिहिलं, "दिवा म्हणजे आशा, असली रूपकं कॅलेंडरवरच शोभतात." वाचून डोकं फिरलं. ज्योतीवर आडवा धरलेला तो हात नीट पाहा. बोटांच्या कडा तांबूस झाल्यात, उजेड झिरपून चेहऱ्यावर चढलाय. आणि हे सगळं जलरंगात! चूक झाली तर वरून पांढरा थापून सावरता येत नाही. ज्योत राखणं हेच इथलं रूपक आहे.

ओलाकागद: हात अप्रतिम, वादच नाही. पण हा उजेडाचा अभ्यास आहे. मुलगी गीता समोर उभी राहिली, वडिलांनी चित्र काढलं. वरचं नाव काढलं तर ‘आशा’ कुठे दिसते?

माडाचीवाडी: नावाचं सोडा हो. अजून लोक ते रविवर्म्याचं म्हणून सांगतात! रविवर्मा १९०६ ला गेले, चित्र १९४५-४६ चं. आमच्या सावंतवाडीच्या माणसाचं श्रेय असं खुशाल दुसऱ्याला?

घाटमाथा: झालं सुरू, आमची सावंतवाडी! त्याच राजवाड्यात रविवर्म्याची चित्रं आहेत, लोकांचा घोळ होणारच. शिवाय घाटकोपर, मग मळवलीच्या छापखान्यातून त्यानेच घरोघरी देव पोचवले. जुनं चित्र दिसलं की लोकांच्या तोंडी तेच नाव येतं.

माडाचीवाडी: घोळ होणारच म्हणून गप्प बसायचं? आजीच्या खोलीतली प्रिंट फ्रेम करायला दिली, तर दुकानदाराने खाली रविवर्मा छापून दिलं. बदला म्हटलं तर माझ्याशीच हुज्जत. तुमच्या आजोबांच्या कामावर दुसऱ्याचं नाव लावलं तर चालेल?

घाटमाथा: आजोबांना मध्ये आणू नका. नाव चुकीचं छापलं हे वाईटच, एवढं मान्य. पण त्यात रविवर्म्याचा काय दोष?

ओलाकागद: मूळ मुद्दा राहिला बाजूला. वीज गेली की माझी आई अस्साच हात धरून ओसरीवरून माजघरात यायची. दिवा विझू नये, एवढंच तिच्या मनात. तिथे कसलं आलंय रूपक?

रंगपेटी: विझू नये म्हणून ती पावलं जपून टाकायची ना? हळदणकरांनी तेवढंच रंगवलंय. याहून वेगळी आशा मला ठाऊक नाही.

ओलाकागद: ठीक आहे, हाताला रूपक म्हणा. शीर्षकाला म्हणणार नाही.

माडाचीवाडी: आणि प्रिंटखाली हळदणकरांचं नाव आलंच पाहिजे. ती फ्रेम मी परत दुकानात नेतोय.