रोज तीन-तीन स्वयंपाक कसे टाळायचे? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

*बी-३०४:* नमस्कार मंडळी, एक विचारायचं होतं. आमच्याकडे बाबांना शुगर निघालीये, सासूबाईंना बीपी आहेच, मुलांना डब्यात रोज वेगळं काहीतरी पाहिजे आणि आम्ही दोघं साडेआठला घराबाहेर. सध्या बाबांना भाकरी वेगळी, मुलांना पास्ता नाहीतर पराठे, आम्ही दोघं राहील ते खातो. पाकिटातलं बंद करायचं ठरवलंय पण रोज एवढं उरकत नाहीये. तुम्ही सगळ्या कसं करता?

*ए-१०२ काकू:* अगं तीन स्वयंपाक करूच नकोस. बाबांना जे चांगलं तेच पोरांना चांगलं. एकच भाजी, एकच आमटी, एकच भाकरी, फक्त पोरांच्या भाकरीवर तूप जास्त आणि बाबांच्या ताटात भाकरी मोजून. वेगळं ताट केलं की आजारी माणसालाही वाटतं आपल्याला शिक्षा झालीये, मग ते गुपचूप फरसाणाच्या डब्याकडे जातात.

*बी-३०४:* काकू पटतंय पण मुलं भाकरी खातच नाहीत.

*ए-१०२ काकू:* गार झालेली कोण खाईल! तव्यावरून ताटात दिली, वर लोण्याचा गोळा आणि शेंगदाण्याची चटणी, की खातात. आत्ता थंडी आहे तोवर बाजरीची तीळ लावून कर. भोगीला आपण करतो ना ती भाजी, वांगं गाजर पावटा ओला हरभरा घेवडा सगळं एकत्र आणि तिळाचं कूट, ती भोगीलाच का करायची, जानेवारीभर मंडईत हे सगळं असतं तर आठवड्यातून एकदा करावी. एका कढईत सगळ्यांचं जेवण होतं.

*सी-२०३:* माझी भाकरी कडेनं फाटते, थापायलाच येत नाही, म्हणून सोडून दिलं

*ए-१०२ काकू:* पीठ जुनं असणार. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी कडकडीत गरम लागतं, त्यात पीठ घालून झाकून ठेव, कोमट झालं की तळहातानं भरपूर मळ. एका भाकरीपुरतंच मळून घ्यायचं. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरव आणि ते सुकायच्या आत उलट, सुकलं की चिरा पडतात. दळण महिन्याचं एकदम आणू नकोस, पंधरा दिवसांचं आण, आणि बाजरीचं तर आठवड्याचंच. बाजरीत तेलाचा अंश जास्त म्हणून पीठ लवकर कडू होतं, लोकांना वाटतं बाजरीच कडू असते.

*ए-४०१ काका:* ज्वारी घेताना मालदांडी मागा. आमच्या सोलापूरकडची, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर जीआय मानांकन आहे. भाकरी पांढरी, मऊ आणि गोडसर होते. आणि वहिनी, बाबांना साखरेऐवजी गूळ द्या, गुळाने काही होत नाही.

*डी-५०१ ताई:* काका माफ करा, पण इथे मध्ये बोलावंच लागेल. (मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते हे बऱ्याच जणांना माहिती आहे.) गूळ, मध, खजूर याने शुगर वाढते, साखरेइतकंच जपून. तसंच ज्वारीची भाकरी म्हणजे कितीही चालते असं नाही, तीसुद्धा पिष्टमयच आहे. फायदा कशाने होतो तर भाकरी दोनाची दीड करून शेजारी उसळ, पालेभाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर वाढवली की. अर्धं ताट भाज्यांचं दिसलं पाहिजे. आणि बाबांची गोळी चालू असेल तर जेवण एकदम कमी करू नका, डॉक्टरांना सांगून करा, नाहीतर शुगर खाली जाते.

*ए-४०१ काका:* बरं झालं सांगितलंत ताई, मी स्वतः चहात गूळ घेतोय

*बी-३०४:* ताई आणि बीपीसाठी? आम्ही भाजीत मीठ कमीच घालतो.

*डी-५०१ ताई:* भाजीतलं मीठ दिसतं, बाकीचं दिसत नाही. लोणचं, पापड, फरसाण, ब्रेड, सॉस, चटपटीत मसाल्यांची पाकिटं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक सपाट छोटा चमचा. पापड-लोणचं दोन्ही रोज असेल तर त्यातच बरंच जातं. लिंबू, कोकम, जिरेपूड, लसूण, कोथिंबीर हात सैल सोडून वापरा, मग मीठ कमी आहे हे जाणवत नाही. कमी सोडियमचं मीठ मात्र आपल्या मनाने आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास किंवा बीपीच्या काही गोळ्या असतील त्यांना चालत नाही.

*सी-६०२:* डब्याचं पण सांगा ना कोणीतरी. मी मल्टिग्रेन ब्रेड, नाचणी बिस्किटं देते, ते तरी बरं ना?

*डी-५०१ ताई:* पाकीट उलटं करून घटक वाचा. जो पदार्थ वजनाने सगळ्यात जास्त तो आधी लिहायचा असा नियम आहे. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून पाकिटावर समोर नाचणीचं कणीस मोठं दिसतं आणि मागे पहिलं नाव मैदा, मग साखर, मग पाम तेल, नाचणी कुठेतरी शेवटी. नाचणी द्यायची तर घावन घाला. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

*ए-१०२ काकू:* नाचणीच्या पिठात मूठभर तांदळाचं पीठ, थोडं ताक, किसलेलं गाजर, मिरची-कोथिंबीर. बिडाच्या तव्यावर सुरेख सुटतात. दुसऱ्या दिवशी थालीपीठ. भाजणी घरात असली ना की डब्याची अर्धी काळजी मिटते, ज्वारी बाजरी गहू तांदूळ हरभराडाळ उडीद धणे जिरे, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, एकत्र भाजला की डाळ कच्ची राहते आणि बाजरी करपते. त्यात मेथी नाहीतर किसलेला दुधी घातला तर पोरांना कळतही नाही.

*बी-३०४:* काकू हे सगळं सकाळी सातला कसं जमतं पण?

*ए-१०२ काकू:* सकाळी नाहीच करायचं गं. सगळं आदल्या रात्री ठरतं, तुझा जीव सकाळी काय करू याच्यातच जातोय. झोपायच्या आधी एक वाटी काहीतरी भिजत टाकायचं, मूग मटकी चवळी हरभरा काहीही, काय करायचं ते नंतर ठरव पण भिजत टाकल्याशिवाय ओटा आवरायचाच नाही. सकाळी उपसून फडक्यात बांध, संध्याकाळी मुगाला मोड दिसतात, मटकीला थंडीत जास्त वेळ लागतो, ती बंद कुकरमध्ये ठेव. मोडाची डबाभर करून फ्रीजमध्ये ठेवली की दोन दिवस बघायला नको, एक दिवस उसळ, एक दिवस नुसती वाफवून कांदा-लिंबू. रविवारी पालेभाज्या निवडून कोरड्या पंचात गुंडाळून ठेवायच्या, आणि हे निवडायचं काम तुझ्या एकटीचं नाही, घरातल्या सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून करायचं. जवसाची आणि कारळ्याची चटणी एकदा कुटून ठेव. ज्या दिवशी काहीच झालं नाही त्या दिवशी कुळथाचं पिठलं, दहा मिनिटांत होतं, वर लसणीची फोडणी.

*डी-५०१ ताई:* उसळीवर लिंबू पिळायचं विसरू नका, त्यातल्या सी जीवनसत्त्वाने लोह नीट शोषलं जातं. आणि जेवणानंतर लगेच चहा नको, त्याने उलटं होतं. जवसाची चटणी बरणीत बाहेर ठेवू नका, खवट होते, फ्रीजमध्ये ठेवा. राजमा कोणी भिजवत असेल तर भिजवलेलं पाणी टाकून द्या आणि कुकरला पूर्ण शिजवा, अर्धाकच्चा राजमा पोट बिघडवतो.

*सी-६०२:* आम्ही पूर्ण शाकाहारी, एवढं सगळं केलं तर गोळ्यांची गरज नाही ना पडणार?

*डी-५०१ ताई:* बी१२ सोडून. ते मोडात नाही, पालेभाजीत नाही. दूध-दह्यातून थोडं मिळतं पण बऱ्याच जणांना पुरत नाही, तपासून घ्या आणि कमी असेल तर गोळी घ्या, त्यात कमीपणा नाही.

*बी-३०४:* खूप खूप आभार सगळ्यांचे 🙏 आज रात्री मूग टाकते भिजत आणि निवडायला यांना बसवते. काका, ती मालदांडी इथे कुठे मिळेल?

*ए-४०१ काका:* गावाकडून नवीन ज्वारी निघाली की मी मागवतोच. कोणाकोणाला हवी त्यांनी फ्लॅट नंबर आणि किलो लिहा, टेम्पो एकच येऊ दे. दळण मात्र ज्याचं त्याने.

*बी-३०४:* बी-३०४, १० किलो

*सी-२०३:* सी-२०३, ५ किलो. काकू शनिवारी तुमच्याकडे भाकरी थापायला येऊ का शिकायला?

*ए-१०२ काकू:* ये ना, पाचला ये. पीठ ताजं घेऊन ये. आणि माझी २० किलो लिहा हो भाऊजी.