पाणी पायरीला लागल्याशिवाय वडील घर सोडत नाहीत, काय करू?

कुरुंदवाडची लेक:
माहेर शिरोळ तालुक्यात, पूरपट्ट्यात. २००५ ला पाणी आमच्या तिसऱ्या पायरीवर थांबलं. तेव्हापासून आण्णांचा हिशोब त्या पायरीवर. २०१९ ला तिच्याकडेच बघत बसले आणि रात्रीत पाणी घरात आलं, दोघांना नावेतून काढावं लागलं. एवढं होऊनही २०२१ ला तेच, "पाऊस उघडलाय, उतरंल आता." मी पुण्यात, नुसती फोनवर रडते. त्यांना कसं समजवायचं?

घाटावरचा:
ताई, आपल्याकडे पाण्याची भीती लवकर बसत नाही. नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या देवळात पाणी शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला आपणच धावतो. लहानपणापासून ते पाणी देवाचं. आण्णांना अडाणी समजू नका.

कृष्णाकाठ:
पायरी फसवते, कारण ती मागचा पूर सांगते, येणारा नाही. सांगलीत आयर्विन पुलाला २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, २००५ पेक्षा तीन फुटांहून जास्त. असा पूर आता आपल्या हयातीत नाही, असं सगळेच म्हणाले. दोनच वर्षांत कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा २०१९ च्याही वर गेली.

दुसरं, शिरोळात पाऊस उघडला याला अर्थ नाही. कोयना धरणाचा विसर्ग वाढला की कृष्णा चढते आणि तिच्या फुगवट्यानं पंचगंगेचं पाणी तुंबतं. वर ऊन पडलेलं असताना दारात पाणी वाढतं आणि दिवसेंदिवस हलत नाही. शिवाय घराआधी रस्ता बुडतो. मग नावेशिवाय वाट नाही, आणि ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नावच उलटली. किती जीव गेले! म्हणून रस्ता उघडा असतानाच निघायचं, यावर मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

पण खरं विचारा, आण्णा घरासाठी थांबतात का जनावरांसाठी? आमच्या गल्लीत मागं राहिलेल्या बहुतेकांच्या दावणीला म्हैस होती. माणसाला छावणीत जेवण मिळतं, म्हशीच्या वैरणीचं काय, धार कोण काढणार? त्याची सोय करा, निम्मं भांडण तिथंच मिटेल. आणि आकडा उन्हाळ्यातच ठरवा. राजारामला इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. आम्ही घरात ठरवलंय, ३९ ला जनावरं हलवायची, माणसांनी ४३ ची वाट बघायची नाही. पाणी चढताना वाद घालायला कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं.

कुरुंदवाडची लेक:
दादा, बरोबर ओळखलंत. दोन म्हशी आहेत, आण्णा त्यांनाच सोडत नाहीत. मामांचा गोठा जयसिंगपूरला उंचावर आहे, आजच बोलते. एकीचं रेडकू अगदी लहान आहे, ट्रॉलीत आईसोबतच चढवायचं की वेगळं न्यायचं?

कृष्णाकाठ:
सोबतच. रेडकू आधी चढवा, म्हैस मागोमाग आपणहून चढते. खाली उसाचा पाला अंथरा, पाय घसरत नाहीत.