एकाच पावसाळ्यात दोनदा फ्लू, असं होतं का?

दिवाणजी_सांगली:
मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत दिवाणजी. जुलैत ताप भरला. अंग असं मोडून आलं की खतावणी उचलवेना, खोकून खोकून बरगड्या दुखल्या. रिपोर्ट आला एच३एन२. आता सप्टेंबरात पुन्हा तेच, आणि रिपोर्टात इन्फ्लुएन्झा बी! सौ. म्हणते, पहिलंच दुखणं अंगात मुरलं होतं. मालक म्हणतात हळद-दूध घ्या. अहो, दिवसभर नाकातोंडातून हळदच जाते माझ्या! एकदा होऊन गेल्यावर पुन्हा होत नाही म्हणतात ना? घरात ७४ वर्षांची आई आहे, दमेकरी. तिला आता लस देऊन उपयोग?

लॅबवाली_मिरज:
मुरलं वगैरे काही नाही. जुलैतला एच३एन२ हा इन्फ्लुएन्झा ए, आताचा बी. हे निराळे विषाणू, शरीराला झालेली एकाची ओळख दुसऱ्याला चालत नाही. एच आणि एन ही ए-च्या अंगावरची दोन प्रथिनं. एच पेशीला चिकटतं, एन तयार झालेले नवे विषाणू पेशीतून सोडवतं. बी-ला असे आकडे नाहीत, घराणी आहेत: व्हिक्टोरिया आणि यामागाता. त्यातलं यामागाता मार्च २०२० नंतर जगात कुठंच खात्रीनं सापडलेलं नाही, म्हणून लस आता चाराऐवजी तीन विषाणूंची होऊ लागलीय. आईंच्या डॉक्टरांना विचारून लस द्याच. पण तिचा जोर धरायला दोनेक आठवडे लागतात, तोवर तुम्ही त्यांच्यापासून लांब राहा.

विश्रामबागकर:
२००९ च्या ऑगस्टात मी पुण्यात शिकायला होतो. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी तिथलाच. रुमाल बांधून घरी आलो तर आजीनं पडवीतच बसवलं, चहासुद्धा लांबून सरकवला. तोच एच१एन१ आता नेहमीच्या फ्लूंत जमा झालाय! आईंना ताप आलाच तर वाट बघू नका. ऑसेल्टामिवीर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त गुण येतो. आणि मेडिकलवाल्याला विचारून अँटिबायोटिक घेऊ नका, विषाणूवर ते चालत नाही.

दिवाणजी_सांगली:
आईला आज लस दिली. मी माडीवर झोपतोय, ताट जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येतं. अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या मात्र आधीच गिळून बसलोय. सौ.ला अजून सांगितलेलं नाही.