तळाचं रेटिंग पाळीपाळीने

बेल कर्व्ह म्हणजे कामाच्या मूल्यमापनात ठरावीक टक्के लोकांना वरचं, मधलं आणि तळाचं रेटिंग द्यायचंच, असा नियम. 'बेल कर्व्हमुळे कामचुकार आपोआप गळतात' हे दोनशे जणांच्या विभागात एकवेळ पटेल, पण सहा जणांच्या टीमला तोच नियम लावला की घोळ होतो. माझ्या जुन्या कंपनीत सहापैकी एकाला तळाचं रेटिंग द्यावंच लागायचं. मॅनेजर भला माणूस, त्याने सरळ पाळी लावली होती: यंदा तू, पुढच्या वर्षी तो. माझी पाळी आली नेमकी घराचं कर्ज काढलं त्या वर्षी!

त्याहून वाईट म्हणजे नवीन पोराला काम शिकवायला कोणी तयार नसे. तो वर गेला की आपण खाली. जॅक वेल्च प्रमुख असताना जीई (जनरल इलेक्ट्रिक) या अमेरिकन कंपनीने २०-७०-१० ची वाटणी (वरचे २० टक्के, मधले ७०, तळाचे १०) गाजवली खरी, पण मायक्रोसॉफ्टने असली सक्तीची क्रमवारी २०१३ मध्येच बंद केली.